खांबाजवळचा आवाज

गायनमंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून मंडळींनी एका संगीतकाराकडून नवंकोरं गाणं लिहून घेतलं, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. तो संगीतकार वह्या बांधून घ्यायला बाइंडिंगच्या दुकानात आला, आणि तिथून पुढे बिनसलं.

दुकान नवरा-बायकोचं. नवरा पुढच्या खोलीत पुठ्ठे कापायचा, बायको मागच्या खोलीत बसून पानं शिवायची. मंडळात तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. बत्तीस वर्षं ती मंडळात गायली. खालच्या आवाजाच्या बायकांत, तिसऱ्या रांगेत, डावीकडच्या खांबाला खेटून तिची जागा. चार वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं. तेव्हापासून गळ्याशी केलेल्या छोट्या छिद्रातून ती श्वास घ्यायची, त्यावर पातळ रुमाल बांधायची, आणि बोलायचं ते कागदावर लिहायची. कातरणांना दुकानात काय तोटा! नवऱ्याला बोलवायचं झालं तर घडी मारायच्या हाडाच्या पट्टीने टेबलावर टकटक करायची. "दोनदा वाजलं तर काम आहे, तीनदा वाजलं तर भांडण आहे," असं नवरा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा.

मंडळ मात्र तिने सोडलं नव्हतं. दर बुधवारी आणि शनिवारी ती तालमीला जायची. वह्या वाटायची, हजेरी मांडायची, खिडक्या उघडायची. गाणं चालू असताना भिंतीशी खुर्ची टाकून बसायची आणि ओठ हलवायची.

संगीतकार परगावचा, म्हणून मंडळी त्याला पाहुणा म्हणत. उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. त्याने बेचाळीस प्रतींचं बाड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "शिवण अशी घाला की वही सपाट उघडी राहिली पाहिजे. त्या खांबाजवळच्या बाईंची तर नक्कीच. सगळ्यात जास्त पानं त्यांनाच उलटायची आहेत."

"खांबाजवळ हल्ली दवाखान्यातली नर्सबाई गाते," नवरा म्हणाला.

"नर्सबाई नाही हो. नर्सबाई आणि खांब यांच्या मधल्या बाई. गेल्या महिन्यात मी तालीम रेकॉर्ड करून नेली ना, तेव्हा चेहरे काही लक्षात राहिले नाहीत, पण घरी ऐकताना खांबाकडच्या माइकवर तो आवाज सापडला. गाण्याचा मधला भाग मी त्याच आवाजासाठी लिहिलाय. त्यांनी एकटीने गायचा."

नर्सबाई आणि खांब यांच्यामध्ये हातभर जागा होती. ती चार वर्षं रिकामी होती, हे बाईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

पाहुण्याने फोन टेबलावर ठेवला आणि तालीम लावली. गेल्या वर्षी बसवलेलं गाणं होतं. बाईने ते कधी गायलेलं नव्हतं, गाणं शक्यच नव्हतं. पहिल्या दोन ओळी सगळ्यांच्या आवाजात गेल्या. मग कुणीतरी हलकेच घसा खाकरला, आणि खालच्या बायकांच्या सुरांतून एक आवाज वर आला. भरदार, किंचित खरखरीत, प्रत्येक ओळीला सगळ्यांच्या मागून अर्धा श्वास उशिरा येणारा. या अर्ध्या श्वासावरून मंडळाची गाणी बसवणाऱ्या मास्तरांनी तिला बत्तीस वर्षं बोलणी ऐकवली होती.

बाईचा हात आपोआप रुमालावर गेला. आवाज तिचाच होता.

तिने कातरणावर लिहिलं, "कोणत्या दिवशीचं?"

"अकरा तारीख. बुधवार."

त्या बुधवारी ती तालमीला होती. पण मास्तरांनी ऐन वेळी तिला सभागृहाखालच्या वाचनालयात पाठवलं होतं, जादा खुर्च्या मिळतील का विचारायला. वाचनालयातल्या माणसाला खुर्च्यांचं काहीच माहीत नव्हतं, आणि त्याच्याशी कागदावर लिहून लिहून तिचा अर्धा तास गेला होता.

"माइकचा घोळ असेल," नवरा म्हणाला. "दोन आवाज मिसळतात कधीकधी."

बोलला ते ठीक, पण फार लगेच बोलला. बाईने त्याच्याकडे बघितलं. घाबरला होता, पण त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं.

शनिवारी नव्या गाण्याची तालीम होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं ते लांबट सभागृह, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, दुपारचं ऊन फरशीवर पसरलेलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पण हात अजून वर्गाला गप्प करायच्या सवयीने उठायचा. त्यांनी शब्द वाचून दाखवले. गाणं घरी परतलेल्या माणसांचं होतं. सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "सांज झाली, दिवे लावा, मोजा घरची माणसं, कोण बाहेर राहिलं?" आणि एका आवाजाने उत्तर द्यायचं, "कोणी नाही, कोणी नाही."

मंडळी गायली. प्रश्न विचारून झाला. उत्तराची जागा आली आणि तशीच रिकामी गेली. पाहुणा मान उंचावून खांबाकडे बघत राहिला.

"आल्या नाहीत का त्या?" त्याने विचारलं.

 एकेचाळीस माणसं हातातल्या सुट्या पानांत नजर घालून उभी राहिली. मग पहिल्या रांगेतून बाईची नणंद पुढे झाली. ती उंच आवाजाची, मंडळातली जुनी, आणि एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारी. पण वहिनीकडे न बघताच ती म्हणाली, "वहिनी, जरा खालून पाणी आणतेस का गं? घसा सुकलाय सगळ्यांचा."

पाण्याचा जग खिडकीत भरलेला होता. बाईने तो बघितला, नणंदेनेही बघितला. तरी बाई उठली, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. जिन्याच्या चार पायऱ्या उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

आत पुन्हा सुरुवात झाली. सांज झाली, दिवे लावा. कोण बाहेर राहिलं?

हलकेच घसा खाकरल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज दारापलीकडून गायला, "कोणी नाही, कोणी नाही."

 बाई वळली, चार पायऱ्या एका दमात चढली आणि दार ढकललं. आवाज सुरी फिरवावी तसा तुटला. खांबाजवळ कुणी नव्हतं. नर्सबाई मात्र डाव्या कानावर हात धरून उभी होती, कानाशी कुणी गरम फुंकर मारावी आणि ती पुसून टाकावी तशी.

आता बाईला सगळं आठवायला लागलं. गेल्या चार वर्षांत किती वेळा तिला बाहेर पाठवलं होतं! झेरॉक्स काढून आण, किल्ली देऊन ये, खाली कुणी आलंय का बघ. तिला वाटायचं, मंडळी आपल्याला कामाला लावतात म्हणजे अजून आपलं मानतात.

नणंद दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आली. स्टुलावर बसली, पदराने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"वहिनी, राग मानू नकोस. तू दवाखान्यात होतीस ना, तेव्हापासून आहे हे. पहिल्या दिवशी सगळ्या बायका किंचाळून जिन्यापर्यंत पळाल्या. मग सवय झाली. ती काही करत नाही गं कुणाला. नुसती गाते. पण तू आलीस की गप्प होते."

बाईने लिहिलं, "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तुझा आवाज तुझ्याशिवाय गातो म्हणून? आणि खरं सांगू का? ती नसली की मंडळ पोकळ वाजतं. सगळ्यांनाच कळतं ते. मास्तर तर म्हणतात..." नणंदेने जीभ चावली.

बाईने पट्टीने टेबलावर एक ठोका दिला.

"म्हणतात की आता ती पूर्वीपेक्षा छान गाते," नणंद पुटपुटली.

नवरा पुढच्या खोलीत पुठ्ठा मोजत होता. एकच पुठ्ठा, किती वेळ! बाई उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कागद पुढे केला नाही, नुसती उभी राहिली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. बुधवारी मी माल पोचवायला जातो म्हणून सांगतो ना, तेव्हा तिथंच असतो. मागच्या गल्लीत, खिडक्यांखाली मासिक उघडून बसतो. वरून ऐकू येतं."

तिने ओठांनीच विचारलं, "का?"

"का म्हणजे?" त्याचा आवाज चिरकला. "तीस वर्षं या घरात सकाळपासून तुझी बडबड ऐकत आलो मी. कानाला सवय झालेली. ती एका दिवसात बंद झाली. तू आहेस, समोर आहेस, सगळं आहे. पण मला ऐकू येत नाहीस तू. तिथं येतेस."

बाईला रडू आलं असतं, पण तिच्या रडण्यालाही आता आवाज नव्हता. ती मागच्या खोलीत गेली आणि शिवायला बसली. सुई तीनदा बोटात गेली. नवरा दुसऱ्या बाईकडे जातो हे कळल्यावर काय वाटत असेल, तसलं काहीतरी तिला वाटत होतं, आणि भांडायचं तर कुणाशी, ते समजत नव्हतं.

समारंभाला चार दिवस उरले तेव्हा मास्तर स्वतः आले. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"बाई, कसं विचारू? रविवारी तुम्ही समारंभाला... म्हणजे, गाणं होईपर्यंत जरा खाली वाचनालयात बसाल का? नंतर सत्कार आहे तुमचा. शाल-नारळाचं एवढं काही नाही, पण मंडळ तुम्हाला विसरलेलं नाही."

बाईने लिहिलं, "मी माझ्या जागेवर उभी राहीन."

"मग मधला भाग कोण गाणार?"

"नर्सबाईला शिकवा."

"तिला तेवढा खालचा सूर लागत नाही हो."

बाईने तोच कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला आणि 'माझ्या जागेवर' या शब्दांखाली रेघ मारली.

सभागृहाची एक किल्ली तिच्याकडे असायची. शनिवारी भर दुपारी ती बेचाळीस वह्या घेऊन एकटीच तिथं गेली. दार लावून घेतलं. खुर्च्यांवर वह्या ठेवल्या. मग तिसऱ्या रांगेत गेली आणि नर्सबाईची खुर्ची व खांब यांच्या मधल्या जागेत उभी राहिली. चार वर्षांत ती तिथं उभी राहिली नव्हती. खांबाचा गिलावा तिच्या खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झालेला होता. तिच्याच खांद्याने झाला होता तो. हात लावला तर जागा ऊबदार लागली, जणू कुणी आत्ताच टेकून उभं असावं.

तिने वही उघडली आणि ओठ हलवले. सांज झाली, दिवे लावा.

बाहेर जिन्यावर कुणीतरी घसा खाकरला.

बाईने ओठ मिटले. बाहेरही शांत. तिने पुढची ओळ ओठांवर घेतली, अगदी सावकाश, आणि जिन्यावरून तिचा आवाज तीच ओळ गायला, अर्धा श्वास मागून. "कोण बाहेर राहिलं?" ती इथं उभी राहिली, म्हणून तो आवाज तिथं गेला होता. दोघींना एका खोलीत मावायला जागा नव्हती. आवाज एक पायरी वर आल्यासारखा वाटला. मग आणखी एक. दाराच्या अगदी पलीकडे येऊन तो थांबला, आणि यावेळी गाण्यातलं नव्हे ते बोलला, साध्या घरच्या सुरात, दार वाजवून आत येण्याआधी बोलावं तसं.

"अगं, मी आहे."

 बाई किती वेळ खांबाला धरून उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं तेव्हा कुठे तिने जाऊन दार उघडलं. जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. कठडा मात्र ओलसर होता, तळव्याच्या घामाने होतो तेवढाच.

रविवारी सकाळी अकरा वाजता सभागृह तुडुंब भरलं. जुने गायक आले, त्यांची मुलं-नातवंडं आली. रस्त्याचा गलका नको म्हणून दारं लावून घेतली. बाई निळ्या साडीत, नवा पांढरा रुमाल बांधून, खांबाजवळ उभी राहिली. तिला तिथं बघून मास्तरांचा हात क्षणभर हवेत अडला. नणंदेने मान फिरवली. नर्सबाईने मात्र हळूच तिची बोटं धरली. नर्सबाईचा हात बर्फासारखा गार होता.

गाणं सुरू झालं. पाहुण्याने खरंच सुरेख बांधलं होतं. दिवे लावायच्या ओळीवर आवाज एकेक करून असे उजळत गेले की समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. मग प्रश्न आला. "कोण बाहेर राहिलं?"

नर्सबाईने तोंड उघडलं. चार दिवस घोकून घोकून तिने ते पाठ केलेलं होतं. पण शब्द फुटेना.

बंद दाराबाहेर कुणीतरी घसा खाकरला.

"मी," आवाज गायला. "मी राहिले."

सगळी माणसं माना वळवून दाराकडे बघायला लागली. कुणी कौतुकाने हसलं. गायिका बाहेर उभी करायची कल्पना त्यांना आवडली होती. मास्तरांचा चेहरा कागदासारखा झाला, पण हात ठेका सोडेना, आणि हात थांबत नाही म्हटल्यावर मंडळी तरी कशी थांबणार? त्यांनी पुन्हा विचारलं, "कोण बाहेर राहिलं?"

"मी राहिले." आता जरा जवळून. दाराची मूठ खाली गेली आणि वर आली.

बाईने नर्सबाईच्या हातातून बोटं सोडवून घेतली. वही खुर्चीवर ठेवली. रांगेतून वाट काढत ती खाली उतरली आणि मधल्या वाटेने दाराकडे चालत गेली. शेवटच्या रांगेत नवरा बसला होता. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि ती काय करणार हे कळून नाही-नाही अशी मान हलवली. तिच्या मागे मंडळी तिसऱ्यांदा विचारत होती.

तिने दार सताड उघडलं.

जिन्यावर उन्हाचा उजेड होता, बाकी काही नाही. पण तिच्या गळ्यावरचा रुमाल आत ओढला गेला, आणि छातीत एक श्वास शिरला. तो तिने घेतलेला नव्हता. गरम होता, भरपूर होता. क्षणभर छातीत थांबला आणि निघून गेला. तिच्या मागून खोलीभर आवाज घुमला, "कोणी नाही, कोणी नाही." मग सगळ्यांनी मिळून गाणं संपवलं आणि टाळ्या थांबेनात.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नंतर पाहुण्याने ऐकलं. त्या जागी नुसती शांतता आहे आणि कुणाची तरी खुर्ची करकरते. त्याने तो भाग पुन्हा पुन्हा लावून बघितला आणि मग मंडळाला एक पत्र लिहिलं, की गाणं तुमचं तुम्हाला लखलाभ, पुढचं काम मला सांगू नका.

त्यानंतर सभागृहात तो आवाज पुन्हा आला नाही. बाई बाहेर गेली तरी नाही. मंडळ पोकळ वाजतं, सगळे म्हणतात, पण तोंडावर कुणी बोलत नाही. बाईला आता कुणी पाणी आणायला पाठवत नाही. नर्सबाईला या महिन्यापासून खालचा सूर जरा जरा लागायला लागलाय.

नवऱ्याने बुधवारी माल पोचवायला जाणं बंद केलं. चार-सहा आठवडे तो मुका मुका असायचा. मग एका दुपारी बाई मागच्या खोलीत पानं शिवत होती, तर पुढच्या खोलीतून त्याच्या हसण्याचा आवाज आला. कुणी गिऱ्हाईक असेल असं तिला वाटलं. मग तो काहीतरी बोलला, आणि त्याला उत्तर मिळालं.

बाईने सुई पानात तशीच ठेवली. शब्द ऐकू येत नव्हते, पण ती बडबड तिला ओळखू येत होती. सकाळपासून सुरू होणारी, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारणारी. पट्टी हाताशी होती. ती टेबलावर वाजवली असती तर लगेच थांबलं असतं सगळं. तिने पट्टी उचलली. नवरा पुन्हा हसला, चार वर्षांत हसला नव्हता तसा. तिने पट्टी खाली ठेवली आणि टाका ओढला.

आता रोज चार वाजता ती पिशवी घेऊन भाजीला जाते. भाजी अर्ध्या तासात होते, पण ती पाच वाजेपर्यंत बाजारातच रेंगाळते. तिने नवऱ्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. चहा मात्र तो स्वतः करून ठेवतो आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नाही.

परवा तिचं डोकं दुखत होतं म्हणून ती लवकर परतली. दुकानाचं दार लोटलेलं होतं. आत तिचा आवाज काहीबाही सांगत होता आणि नवरा हुंकार देत होता. मग आवाज मध्येच थांबला.

"थांबा," तो बाईचाच आवाज हळूच म्हणाला. "ती आली वाटतं."

बाई पायरीवर पिशवी हातात घेऊन उभी राहिली. मग तिने कडी दोन-तीनदा मुद्दाम जोरात वाजवली, जरा वेळ दिला, आणि आत गेली.